घागर पुढं कुणी ठेवली?

जून उजाडला की आमच्या नांदेडच्या चित्रकला कॉलेजात प्रवेशाच्या टेबलामागं मला बसवतात. कारण एकच. आमच्या सगळ्या मास्तरांत पन्नाशी ओलांडलेली, चष्मा लावणारी, डबा घरून आणणारी, म्हणजे पालकांना बघून भीती वाटणार नाही अशी चित्रकार मी एकटीच आहे. मी पुढं दिसले की बापमाणसाच्या मनाला जरा धीर येतो. चित्रकला शिकूनही बाई जिवंत आहे, पदर नीट आहे, पगारही होत असावा.

तरी प्रश्न चुकत नाही. यंदा मुखेडकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, भिंतीवरच्या चित्रांकडं एकदा संशयानं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी चित्रं बरी काढती, ते काय खोटं न्हाई. पर ही डिग्री घेऊन पुढं काय?" पोरगी खाली मान घालून टेबलाची कड नखानं खरवडत होती. मी नेहमीचं सांगितलं. शाळेत कलाशिक्षक होता येतं, जाहिरातीचं काम मिळतं, आता कॉम्प्युटरवर तर लई काही करता येतं. हे बोलताना माझा आवाज मलाच एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा वाटतो. बी.कॉम. झालेली दोन भाचरं आमच्याच घरात मोबाइल बघत लोळत असतात, त्यांना कुणी विचारत नाही पुढं काय. तो प्रश्न चित्रकलेच्या वाट्याला राखून ठेवलेला आहे. खरं उत्तर माझ्याकडं आहे, पण ते लांबलचक आहे आणि टेबलापुढं माणसं ताटकळत असतात. म्हणून ते इथं लिहिते.

यंदाचा जूनही कोरडाच. गोदावरीच्या पात्रात पोरांनी स्टंप रोवलेत. लातूरला प्यायला पाणी रेल्वेनं आलं. आणि चहाच्या हॉटेलात, ऑटोत, कॉलेजच्या शिपायांच्या बाकावर पुन्हा एकदा चर्चा, की नवीन जिल्हे होणार, उदगीर होणार, अमकं होणार. दुष्काळ आणि नवा जिल्हा. हे दोन शब्द जोडीनं कानावर आले की माझ्या नाकात तुरीच्या डाळीच्या धुवणाचा वास येतो.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. आमचं गाव चाकूरपासून जवळ. मी नांदेडला चित्रकलेची दोन वर्षं संपवून सुट्टीला आले होते, आणि पदवीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. गाव मला ओळखू आलं नाही. झाडं होती, पण पानं नसल्यामुळं ती कुणीतरी कोळशानं काढून तशीच सोडून दिल्यासारखी वाटत होती. काळ्या रानाला भेगा पडून पडून ते काळं राहिलंच नव्हतं, राखेसारखं झालं होतं. कॉलेजात आम्ही निसर्गचित्र म्हणून कॅलेंडरातले हिरवेगार डोंगर काढायचो. मी हिरव्या रंगाची भरलेली ट्यूब घेऊन आले होते, ती तशीच परत गेली. तपकिरी मात्र संपला. कडब्याचा तपकिरी वेगळा, मातीच्या भिंतीचा वेगळा, खडी फोडून परतणाऱ्या बायांच्या पायांचा वेगळा. दुपारी बाराला सगळं पांढरं पडायचं आणि साडेचार-पाचला तेच सगळं गुळासारखं व्हायचं. एवढा सुंदर आणि एवढा वाईट उन्हाळा मी पुन्हा पाहिला नाही.

अडचण अशी, की मी शिकत होते जलरंग. आणि गावात जल नव्हतं.

टँकर दिवसाआड यायचा. माय, म्हणजे माझी आई, घरातल्या पाण्याचा हिशेब डोक्यात ठेवायची आणि त्या हिशेबात चित्राला जागा नव्हती. मी वाटीभर पाणी घेतलं की आतून आवाज, "ठिव ते. तुझ्या त्या कागदाला तहान लागली म्हणून माणसं मारू का?" शेवटी तडजोड झाली. डाळ धुतलेलं पाणी माझं. ब्रश बुडवायचा त्यात, रंग कालवायचे त्यात. पुढं नांदेडला आमच्या सरांनी ती चित्रं उजेडाला धरून विचारलं होतं, "सुजाता, हा सगळीकडं पिवळसर टोन आणलायस, तो कशातून?" मी म्हटलं, "तुरीच्या डाळीतून, सर." सर गंभीर झाले. त्यांना वाटलं एखाद्या कंपनीचा रंग असेल.

दादा, म्हणजे वडील, गावच्याच शाळेत गुरुजी; त्यांची शाळा अजून चालूच होती. त्यांनी सुट्टीत मला एकच काम सांगितलं. शाळेच्या पाटीवरचं जि. उस्मानाबाद खोडून जि. लातूर लिहायचं. तेव्हा सगळीकडं हेच चाललं होतं. जुन्या अक्षरांवर पांढरा हात मारून वर नवं नाव, आणि उन्हानं रंग तडकला की लातूरच्या आडून उस्मानाबाद डोकवायचं. मी त्या अक्षरांना सावली द्यायची ठरवली आणि ऊन नेमकं कुठून येतं ते बघत सकाळभर पाटीपुढं उभी राहिले. दुपारी दादा बाहेर आले. म्हणाले, "बाई, अक्षरं वाचायला असतात. ऊन खायला न्हाई." पाटी झाली चांगली. पण ते बघून दादांना माझ्या शिक्षणाची जास्तच काळजी वाटायला लागली, हेही खरं.

ती काळजी बरोबर हेरून लातूरहून आत्या आली. दादांची धाकटी बहीण. सोबत तिचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई. त्यांनी घरात पाऊल ठेवलं ते जिल्हाच काखेत घेऊन आल्यासारखं.

"भाऊ," आत्या म्हणाली, "नवी टेबलं आलीत नवी. टेबलामागं माणसंच न्हाईत! हे रोज बगून राहिलेत."

"रोजंदारीवर घेऊन राहिलेत सध्या," मामा म्हणाले, "पर पुढं कायम होतात. आपल्या पोरीचं मी साहेबापाशी बोललोय. अक्षर चांगलं हाय म्हणलं. साहेब म्हणले, सोमवारी आणा."

"आन् माझं शेवटचं वर्ष?" मी.

"ते कशाला?" आत्या म्हणाली. "कारकुनाला काय चित्रं काढायची हायेत? कारकून व्हय, लई मोठं काम. आपल्यात अजून हाय का कोण बाईमाणूस कचेरीत खुर्चीवर बसलेलं?"

हे शेवटचं वाक्य वजनदार होतं. आम्ही बौद्ध. धर्मांतर माझ्या जन्माच्या आधीचं. घराघरातून पोरं शिकून नोकरीला लागत होती आणि खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नव्हती आमच्याकडं. आत्याचं चुकत होतं असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. पण ती बोलत असताना मी मनात सोमवारपर्यंतचे दिवस मोजत होते. सोमवारी लातूरला गेले तर नांदेड संपलं. टेबलामागं एकदा बसलेलं माणूस पुन्हा उठत नाही, हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं. आज तर मी स्वतःच टेबलामागं बसते.

माय भाकरी थापत होती, तिचा हातही थांबला नाही. तिचं मत काय, हे मला कळेना. वाटीभर पाणी न देणारी बाई वर्षभर नांदेडला राहू देईल असं मानायला जागाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी टँकरचा वार होता. मी आपली कागद घेऊन पहाटेच चावडीच्या ओट्यावर जाऊन बसले. घरात बसले असते तर आत्यानं केसांना तेल लावून मला आत्ताच कारकून करून टाकलं असतं.

टँकर यायच्या आधी चावडीपुढं माणसं नसायची, भांडी असायची. बायका आदल्या दिवसापासून आपली घागर, हंडा, कळशी रांगेत लावून जायच्या. कुणाचं पितळेचं, कुणाचं पत्र्याचं, एखादीनं नुसता दगड ठेवलेला. दगडालाही रांगेत मान होता. रांगेची एक रीत होती. वरच्या आळीची भांडी पुढं, मग इतरांची. ती संपली की दोन हात जागा मोकळी. आणि त्या मोकळ्या जागेच्या पलीकडं आमच्या वस्तीची भांडी. कुणी कुणाला ओरडत नव्हतं, कुणी रेघ मारलेली नव्हती. नुसती दोन हात जागा. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर येऊन कितीतरी वर्षं झाली होती, घागरींच्या रांगेला मात्र ते अजून कुणी कळवलं नव्हतं.

मी लहानपणापासून बघितलेली ती जागा. इतकी बघितलेली की दिसत नव्हती. त्या सकाळी मला दिसलं ते फक्त चित्र. तिरपं ऊन, भांड्यांच्या लांब सावल्या, पितळेवर पडलेला उजेड. मी काढत गेले. आणि मग सरांनी शिकवलेलं एकेक आठवायला लागलं. जवळ उबदार रंग हवा, लांब थंड. माझ्या चित्रात पुढं सगळी पत्र्याची राखाडी भांडी येत होती, मरगळलेली. सबंध रांगेत सगळ्यांत उबदार वस्तू एकच होती, शेवटून तिसरी, तांब्याची. आमच्या मायची घागर, तिच्या भावानं लग्नात दिलेली. मी ती उचलून चित्रात सगळ्यांत पुढं आणली. चित्र एकदम जागं झालं. दुसरं सरांचं सांगणं, की मधोमध मोकळी जागा राहिली तर चित्राचे दोन तुकडे पडतात. मी ती मोकळी जागा मिटवली. पुढची भांडी मागच्यांना भिडवली. झालं. मनात काही नव्हतं हो. अजिबात नव्हतं. दुसऱ्या वर्षाला रचनेच्या पेपरात मला बरे मार्क होते, त्याची ही मस्ती.

कागद वाळायला ओट्यावर ठेवला, चार कोपऱ्यांवर चार खडे. तेवढ्यात टँकर आला, पाणी झालं, आणि बायका डोक्यावर भांडी घेऊन जाताजाता चित्रापाशी थांबल्या.

"अगं माय! हा माझा हंडा! कानाशी चेपलेला बग."

"आन् ही कळशी राधीची. बूड वाकडं काढलंय बरोबर."

"हा दगड कुणाचा गं? दगड बी काढलाय मेलीनं!"

मी फुगले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रदर्शन, आणि प्रेक्षकांना प्रत्येक वस्तूचा मालक ठाऊक. असं प्रदर्शन मला पुढं कधीही मिळालं नाही. मग वरच्या आळीच्या कौसाकाकू पुढं आल्या. डोक्यावर भरलेला हंडा, एक हात कमरेवर. त्यांनी चित्र बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"आन् ही पुढं कुणाची?"

तांब्याची घागर गावात एकच होती.

"सुजे, घागर पुढं कुणी ठेवली?"

"मी... चित्रात तशी बरी दिसती, काकू."

"बरी दिसती व्हय," कौसाकाकू म्हणाल्या. एवढंच.

दुपारपर्यंत गावभर झालं की आज पहाटे गुरुजींच्या बायकोनं घागर रांगेत पहिली लावली. ज्यांनी पहाटे रांग स्वतः पाहिली होती, तेही डगमगले. एकजण म्हणाला म्हणे, "मी बगितली तवा मागं होती, पर चित्रात पुढं हाय ना! पोरगी काय खोटं काढंल? शिकलेली हाय." माणसांचा डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास जास्त, हे मला कुठल्याही कॉलेजानं शिकवलं नव्हतं.

दादा शाळेतून आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. वाटेत दोघातिघांनी गाठून विचारलं होतं. त्याच गावात त्यांना पोरं शिकवायची होती, रोज.

आत्यानं कपाळ धरलं. "बगा भाऊ, बगा! ह्याच्यासाठी शिकवलं का हिला? चांगलं चाललेलं गावात तुमचं. चल गं, उद्याच चल लातूरला. आधी त्यो कागद टाक चुलीत."

"उद्या कशाला, सोमवार हायच की," मामा म्हणाले. "पर कागद टाकाच चुलीत."

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडून हो निघणार होतं. मला दिसत होतं ते, ओठांपर्यंत आलेलं.

तेव्हा माय उठली. पदराला हात पुसून तिनं तो कागद घेतला आणि दारापाशी उजेडात नेला. सगळ्या सुट्टीत तिनं माझं एकही चित्र हातात घेतलेलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिली. मग बोटानं कागदाला न शिवता दाखवत म्हणाली,

"हितली मोकळी जागा कुठं गेली?"

"मिटवली, माय. ती ठेवली की चित्राचे दोन तुकडे होतात."

"कोण म्हनलं?"

"आमचे सर."

"आन् घागर पुढं आणायची, ते बी सरच म्हनले?"

"हाव. जवळचा रंग उबदार पायजे म्हणून."

"सरानं आपलं गाव बगितलंय का?"

"न्हाई."

मायनं कागद पुन्हा एकदा नीट बघितला.

"तरी बरोबर म्हनले," ती म्हणाली.

एवढं बोलून तिनं कागद फळीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी उभा करून ठेवला आणि पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली.

नातेवाइकांना मी आजवर चित्रकलेच्या पदवीचे जे उपयोग करून दिले ते सांगितले तर त्या मुखेडच्या गृहस्थांचं समाधान होईल. मी लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं लिहिली आहेत. पोळ्याला आजोळच्या बैलांची शिंगं रंगवली आहेत. एका चुलतभावाच्या जीपवर वाघ काढला, तो मांजरासारखा झाला म्हणून भावानं दोन वर्षं अबोला धरला. नवरीच्या हातावर मेंदी, डॉक्टर जावयाच्या दवाखान्याची पाटी, गणिताच्या वहीत भाचीला वर्तुळं. नोकरी लागली ती उशिरा, तीही आधी तासिकेवर. माझ्याबरोबरीच्या मुली कारकुनीत लागून बढत्या घेऊन निवृत्तीला आल्या, त्यांची घरं माझ्यापेक्षा मोठी आहेत. हे सगळं मी नाकारत नाही. ज्याला स्कोप म्हणतात तो खरंच कमी आहे. पण मला सांगा, दुसऱ्या कुठल्या पदवीनं, तीही दोनच वर्षं झालेली, गावच्या रांगेतली दोन हात जागा दाखवून दिली असती? कायदा होता. गावात शिकलेली माणसं होती, माझे वडील तर गुरुजीच होते. सगळ्यांना ती जागा ठाऊक होती आणि कुणालाच दिसत नव्हती. चित्र काढताना मी ती मिटवली तेव्हा कुठं ती सगळ्यांना दिसली, मला धरून. म्हणून कुणी चित्रकला निरुपयोगी म्हटलं की मी आता हसून सोडून देत नाही. भांडते. म्हणते, निरुपयोगी असती तर त्या दिवशी चुलीत टाका कशाला म्हणाले असते?

पुढच्या टँकरच्या वेळी आत्या आणि मामा घरीच होते, सोमवारची वाट बघत. आदल्या संध्याकाळी मायनं घागर चिंचेनं घासली, इतकी घासली की ती घासायला लागलेल्या पाण्यात माझी चार चित्रं झाली असती. मग ती काखेला मारून चावडीकडं निघाली. मी मागोमाग. रांग लागत होती. माय मोकळ्या जागेपाशी थांबली नाही. सरळ पुढं गेली आणि कौसाकाकूंच्या हंड्याच्या पुढं, त्याला भिडवून, घागर ठेवली.

कौसाकाकू तिथंच होत्या. "गुरुजीनबाई, चित्रातलं खरं समजलाव का काय?"

"हाव," माय म्हणाली. "शिकलेली हाय माझी पोरगी. ती खोटं काढत न्हाई, गावच म्हनलंय."

सकाळी घागर होती तिथंच होती. टँकरचा ड्रायव्हर लांबचा, त्याला कुणाची घागर कुणाच्या पुढं ह्याचं काही नव्हतं. त्यानं पाइप पहिल्या भांड्यात सोडला. तांब्याच्या घागरीत पाणी पडतानाचा तो आवाज सबंध रांगेनं ऐकला.

हे असंच गोड संपलं असं सांगितलं तर तुम्ही मला वाघाला मांजर करणारी बाई म्हणाल. त्याच्या पुढच्या खेपेला घागर मागं फेकलेली सापडली आणि तिच्या पोटाला पोचा पडलेला. मायनं ती उचलून पुन्हा पुढं नेऊन ठेवली. मग कधी ती पुढं राहायची, कधी मागं ढकललेली असायची, त्या उन्हाळाभर. दादा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि म्हणाले, "आज कुणी विचारलं की मी म्हणलं, घागर पुढंच हाय आमची." घाबरूनच म्हणाले असतील, पण म्हणाले.

त्या सोमवारी मामा कपडे घालून तयार. मी आत उभी होते.

"वैनी, चालली नोकरी हातची," मामा म्हणाले. "पुन्हा असं टेबल मिळायचं न्हाई."

"मिळाया पायजे होतं खरं," माय म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटत होतं, ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "पर आता तिला अर्धं कसं सोडता यील? अर्ध्यातच एवढं केलंय तिनं."

"आन् शिकून बी न्हाई लागली नोकरी, तर?" आत्या.

"तर बसंल घरात. चित्रं काढंल. डाळीचं पानी मी दीन."

आत्या मामांच्या मागं निघाली, चार पावलं गेली आणि माघारी आली. मला वाटलं आता शेवटचं काहीतरी बोलणार. तिनं फळीवरचं चित्र उतरवलं, दारात धरून बघितलं आणि मला म्हणाली, "आमच्या लातूरच्या नळावरची बी रांग काढशील का गं? मी लई मागं असते."